दोघांचं घर, पण नाव एकाचंच

आज जरा मोठं लिहितेय, पण बरेच दिवस मनात साचलंय.

माझा धाकटा भाऊ आणि त्याचा जोडीदार अकरा वर्षं एकत्र राहतायत. दोघंही पुरुष, म्हणून कायद्याने लग्न करता येत नाही. पुण्यात वन बीएचके घ्यायची वेळ आली तेव्हा बँकेने सांगितलं की होम लोनला दुसरं नाव नवरा-बायकोचं नाहीतर रक्ताच्या नात्यातलं लागेल, मित्राचं चालणार नाही. मग कर्ज, ॲग्रीमेंट, शेअर सर्टिफिकेट सगळं भावाच्या नावावर, आणि अर्धा हप्ता दर महिन्याला तो मुलगा भावाच्या खात्यात टाकतो. सोसायटीच्या रजिस्टरला तो भाडेकरू आहे. स्वतःच्या घरात भाडेकरू!

उद्या भावाचं काही बरंवाईट झालं (लिहितानाही हात थांबतो) तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे लग्न न झालेल्या मुलाची पहिली वारस त्याची आई. हे आईला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे घर माझं? आणि तो कुठे जायचा मग?"

"राहताय ना एकत्र, कोण अडवतंय, लग्नच कशाला हवं" असं म्हणणाऱ्यांनी आईच्या या प्रश्नाचं उत्तर द्यावं. माझं स्वतःचं लग्न १९५४ च्या स्पेशल मॅरेज ॲक्टखाली झालंय, तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, सह्या, झालं. त्या एका सहीने मी नवऱ्याची वारस झाले. नवऱ्याने उद्या घर माझ्या नावे बक्षीसपत्र केलं तर महाराष्ट्रात मूळ स्टॅम्प ड्युटी २०० रुपये, आणि मला इन्कम टॅक्स शून्य. भावाने अर्धं घर जोडीदाराला दिलं तर पूर्ण स्टॅम्प ड्युटी, वर त्या मुलाला टॅक्स, कारण कायद्याने तो परका. याच गिफ्ट टॅक्सविरुद्ध एक जोडपं २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टात गेलंय.

१७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी लग्नांबद्दलचा सुप्रीम कोर्टाचा निकाल आम्ही सगळे टीव्हीसमोर बसून ऐकत होतो. लग्न हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायाधीशांचं एकमत, आणि निदान नात्याला काही कायदेशीर मान्यता द्यावी यावर चंद्रचूड आणि कौल एका बाजूला, बाकी तिघं दुसऱ्या. संसदेने ठरवावं म्हणाले. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या. २०१८ ला ३७७ कलमाखाली समलिंगी संबंध हा गुन्हा राहिला नाही तेव्हा भाऊ रडला होता, या वेळी नुसता उठून आत गेला.

ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की अशा जोडप्यांना जॉइंट अकाउंट काढता येतं, एकमेकांना नॉमिनी करता येतं. चांगलंच आहे, पण नॉमिनी म्हणजे मालक नाही हे सोसायटीच्या भांडणात अडकलेल्या कुणालाही विचारा. भावाने मृत्युपत्र केलंय, पण त्यालाही उद्या कुणी नातेवाईक कोर्टात आव्हान देऊ शकतो, आणि तेव्हा त्या मुलाला अकरा वर्षांचा संसार पावत्या दाखवून सिद्ध करावा लागेल.

समाज अजून तयार नाही म्हणतात. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये करवीर संस्थानात आंतरजातीय लग्नांना कायद्याची मान्यता दिली तेव्हा कुठला समाज तयार होता? आमची आई बहात्तर वर्षांची आहे, मॅट्रिक शिकलेली, तिला समजायला दोन वर्षं लागली पण समजलं ना.

मागच्या महिन्यात आईने आपणहून वकील गाठला आणि स्वतःचं मृत्युपत्र केलं, भावाचं घर कधी तिच्या वाट्याला आलंच तर ते त्या मुलाला मिळावं म्हणून. वकिलांनी विचारलं, हे तुमचे कोण? आई म्हणाली, "घरचाच आहे." ते म्हणाले, आजी, तसं लिहिता येत नाही. कागदावर 'परिचित' असं टाईप झालं आणि आईने त्याखाली सही केली.