रील व्हायरल झाली, मोदक किती वाढले?

"घरून धंदा करतेस ना, मग रील टाक, फॉलोअर्स वाढव." हा सल्ला हल्ली कुणीही देतं. भाचा देतो, ऑफिसमधली मैत्रीण देते, आणि 'इन्स्टावरून महिन्याला लाख कमवा' असा क्लास विकणारे तर देतातच. मी नोकरी सांभाळून भाजण्या, मेतकूट आणि दिवाळीत चकल्या विकते, तेही जवळजवळ सगळं फोनवरूनच. तरी स्पष्टच सांगते, आपल्यासारख्या जोडधंद्याला हजारो फॉलोअर्स घेऊन करायचंय काय? पुन्हा पुन्हा घेणारी दीडदोनशे घरं पुष्कळ झाली. ती घरं आपल्या फोनमधल्या यादीत आणून सोडली की सोशल मीडियाचं काम झालं.

माझी मावसबहीण गणपतीत उकडीचे मोदक करून देते. तिच्या लेकीने मोदक वळतानाची रील टाकली. पारी बोटांवर फिरतेय, चिमटीत एकेक कळी उमटतेय, शेवटी सगळ्या कळ्या मिटून वर नाक. बघायला सुंदरच. लाखावर लोकांनी पाहिली. मग मेसेज सुरू झाले: इंदूर, बंगळुरू, एक तर थेट दुबईहून. आता उकडीचा मोदक कुरिअरने पाठवायचा कसा? आणि चतुर्थीला मोदक सगळ्यांना हवेत ते नैवेद्याला, म्हणजे एकाच सकाळी, बाराच्या आत. सारण आदल्या दिवशी करून ठेवता येतं, पण उकड ताजीच हवी. गार होऊन सुकली की पारीला चिरा जातात. तिच्याकडे मोदकपात्रं दोन, मदतीला एक बाई. रीलच्या आधी ती जेवढे मोदक देत होती, तेवढेच नंतरही दिले. वाढलं काय, तर फोन वाजणं. त्या गर्दीत खालच्या मजल्यावरच्या काकूंचा मेसेज वाचायचाच राहिला. काकूंचे दरवर्षीचे एकवीस मोदक ठरलेले. त्या आता दुसरीकडून घेतात, आणि जिन्यात भेटल्या की फक्त हसतात.

रीलला माझा विरोध नाही. मसाले, लोणची, विणलेल्या टोप्या, मातीचे दागिने, असं जे टिकतं आणि पाकिटात जातं, त्याला रील उपयोगी पडते. पण आधी आपल्या हातून आठवड्याला किती माल निघतो ते बघावं. थालीपिठाच्या भाजणीत ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभरा डाळ, उडीद, धणे. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, कारण तांदूळ फुलेपर्यंत उडीद करपतो. मंद गॅस आणि हलता हात, दुसरा इलाज नाही. मग गिरणी. उपवासाची भाजणी गव्हावर दळून चालत नाही, म्हणजे गिरणीवाला जातं साफ करून देईल तेव्हाच जायचं, आणि तो मर्जीचा मालक. माझा धंदा किती वाढणार हे इन्स्टाग्राम ठरवत नाही, आमचा गिरणीवाला ठरवतो.

मग मी फोनवर करते काय? सगळ्यात जास्त भरवसा व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवर, म्हणजे एकदा लिहिलेला मेसेज यादीतल्या प्रत्येकाला वेगळा जातो ती सोय. एका यादीत २५६ जण मावतात, आणि मेसेज फक्त त्यांनाच जातो ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय. ही अट पुष्कळांना माहीतच नसते. मेसेज पाठवून बसतात आणि मग म्हणतात, कुणी विचारतच नाही. म्हणून पाकिटावरच्या स्टिकरवर मी नावाखाली पहिलं हेच छापलंय, 'नंबर सेव्ह करा'. पाकीट हातात देतानाही तोंडाने सांगते. ज्याला नंबर सेव्ह करावासा वाटत नाही, तो तसंही पुन्हा घेणार नसतो. आणि या यादीवर सुप्रभात, सुविचार, फुलं, काही नाही. माल तयार असेल तेव्हाच एक फोटो, खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात काढलेला. चकलीचा असेल तर मोडून आतली नळी दिसेल असा. फिल्टर लावून चकली केशरी केलीत, तर घरी गेल्यावर गिऱ्हाईक तिच्याकडे संशयाने बघणार.

आता माझ्या डोक्यात जाणारा विषय. 'किंमत इनबॉक्स केली आहे.' का बाई? सोन्याचा भाव आहे का तो? किंमत लपवणाऱ्यांना भीती असते दोघांची, शेजारच्या धंदेवालीची आणि नातेवाइकांची. शेजारची दुसऱ्याच्या नावाने विचारून घेतेच, आणि नातेवाईक किंमत कळली काय, न कळली काय, नाक मुरडणारच. मात्र ज्याला खरंच घ्यायचंय तो रात्री दहा वाजता स्क्रोल करत असतो. तुमच्या उत्तराची वाट बघत तो जागा राहत नाही. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम २०२० साली आले. ऑनलाइन विकणाऱ्याने किंमत दाखवायला हवी असं त्यातही आहे. उघड किंमत लिहिली की घासाघीस करणारे आपोआप गळतात, हा मोठाच फायदा. फक्त ती लिहिताना गॅस, दळण, पाकीट आणि स्वतःची मजुरी धरा. बहुतेक जणी मजुरी धरतच नाहीत. 'घरीच तर असते' म्हणे. भाजणीसमोर उभं राहिलं की कळतं घरी असणं म्हणजे काय ते.

दुसरं म्हणजे वही. हो, कागदाची. ४ ऑक्टोबर २०२१ आठवतोय? रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही एकदम बंद पडलं, ते पहाटेपर्यंत. सोमवार होता आणि गुरुवारी घटस्थापना, म्हणजे उपवासाच्या भाजणीचा ऐन मोसम. कुणाला किती, पत्ता काय, पैसे आले का, हे ज्यांचं फक्त चॅटमध्ये होतं त्यांनी ती रात्र कशी काढली असेल! टिकटॉकवाल्यांचं तर त्याहून वाईट. २०२० च्या जूनअखेर बंदी आली आणि गावोगावच्या पोरापोरींनी जमवलेले लाखो फॉलोअर्स एका रात्रीत गेले. परक्याच्या ओसरीवर दुकान मांडलंय, तर गिऱ्हाइकांची नावं आपल्या घरात असलेली बरी.

उद्योजिकांच्या फेसबुक ग्रुपबद्दल काय बोलावं? सगळ्याच विकणाऱ्या, घेणारी कुणी नाही. 'खूप छान ताई', 'शुभेच्छा', आणि त्याच्याच खाली स्वतःच्या पापडाची जाहिरात. तिथे माल विकायला जाऊ नका. पाकिटं कुठे स्वस्त मिळतात, एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेची, नोंदणी कशी करायची, हे विचारायला जा. ही नोंदणी घरगुती पदार्थांनाही लागते बरं का, आणि तो १४ आकडी नंबर पाकिटावर असला की अनोळखी माणूसही निम्मे प्रश्न विचारत नाही. अशा ग्रुपवर नंबर टाकला की एक फोन मात्र येतोच: 'मी आर्मीत आहे, युनिटसाठी वीस किलो पाहिजे, अ‍ॅडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा.' स्कॅन केलं की पिन मागतात, पण पैसे घ्यायला कधीच पिन टाकावा लागत नाही, पिन लागतो तो द्यायला. एवढं लक्षात ठेवा आणि फोन ठेवून द्या.

दिवाळीच्या चकल्यांचं बुकिंग मी नवरात्रात उघडते आणि दसऱ्याला बंद करते. परदेशी पाठवणाऱ्यांना त्याहून आधी सांगते, पार्सलला वेळ लागतो. 'बुकिंग बंद' हा स्टेटस टाकला की नवरा दरवर्षी म्हणतो, आलेलं गिऱ्हाईक कशाला घालवतेस? पण पुढच्या वर्षी पहिल्या दोन दिवसांत नाव लावणाऱ्या बायका बहुतेक त्याच असतात, ज्यांना आदल्या वर्षी नाही म्हटलेलं असतं.