हेन्रीच्या राण्या, माझं फडकं

लग्नं केली इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजानं आणि दर शनिवारी निस्तरतोय मी.

इंग्लंडात आल्यावर बायकोला रॉयल डोल्टन या चिनी मातीवाल्या कंपनीच्या 'कॅरेक्टर जग'चा नाद लागला. जग म्हणजे एखाद्या प्रसिद्ध माणसाचं पोकळ मुंडकं आणि दांडा म्हणून त्या माणसाच्या आयुष्यातली एखादी वस्तू. १९३४ पासून हे प्रकरण बर्स्लेमच्या कारखान्यातून निघू लागलं. २००५ मध्ये कारखाना बंद पडला, पण तोवर आमची सहा राण्यांसकट हेन्रीची मांडणी भरली होती. "ही हल्ली जग गोळा करते," असं आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "आधी घर आवरायला सांग."

कार बूट सेलमध्ये, म्हणजे गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या बाजारात, बायको जगाला टिचकी मारून कान देते. खणखणीत वाजला तर धड, बद्द वाजला तर तडा. माठ घेताना आई हेच करायची. पण माठात निदान पाणी तरी गार होतं. यात काही ओतलं तर मलाच घराबाहेर ओततील.

शनिवारी फडकं मारायचं काम माझं. धूळ नेमकी दांड्यावर बसते. ॲन बोलीनच्या दांड्याला कुऱ्हाड आणि ठोकळा. वास्तविक १५३६ मध्ये तिची मान तलवारीनं उडवली. त्यासाठी कॅलेहून माणूस आणवला होता. कुऱ्हाड पुढे कॅथरिन हॉवर्डच्या नशिबी. हे मी बायकोला ऐकवत होतो. "अहो, इतिहास नंतर. दोन्ही हातांनी धरा."

धरलं असतं तर ना! हातात आता ॲन ऑफ क्लीव्ह्ज होती. हेन्रीनं तिला घोडी म्हटलं अशी दंतकथा आहे. त्यामुळेच की काय, दांड्याला घोड्याचं डोकं. सुरुवातीच्या जगांवर घोड्याचे कान टवकारलेले होते. ते मोडायला लागले म्हणून नंतर पाडलेले केले. आमचा टवकारलेला, म्हणजे दुर्मीळ. टक्!

चिकटवावा म्हटलं, तर बायकोकडे अतिनील दिवा आहे. त्याखाली डागडुजी लगेच चमकते.

ही ॲन मोठी शहाणी. सहा महिन्यांत लग्न मोडलं तेव्हा निमूट हो म्हणाली आणि नवऱ्यासकट सगळ्या सवतींना पुरून उरली. मीही निमूट कबूल करून टाकलं.

"बरं. कान कुठाय?"

कान व्हॅक्यूम क्लीनरच्या पिशवीत होता. बागेत वर्तमानपत्र पसरून ती चिवडतोय.