आधी कागदावर करून पाहावे

महाविद्यालयीन ग्रंथालयांविषयी मायदेशात चाललेली चर्चा दुरून वाचताना ती बहुतेक वेळा खरेदीपाशीच थांबलेली दिसते. 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेमुळे २०२५ पासून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना सुमारे १३,००० नियतकालिके खुली झाली, ही मोठीच गोष्ट आहे. पण त्यांतला हवा तो लेख पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सापडतो का, हे त्याच्या शेजारी बसून कोणी पाहिले काय? ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच 'वाचकाचा वेळ वाचवा' हे सूत्र दिले होते, आणि तो वेळ नेमका कुठे जातो हे पाहिल्याशिवाय ते पाळता येणार नाही.

इथल्या, म्हणजे परदेशातल्या, विद्यापीठात ग्रंथशोधाच्या पानाची नवी रचना ठरवताना ग्रंथपालांनी संगणकाला हात लावण्याआधी तिचा प्रोटोटाइप, म्हणजे चाचणीपुरता कच्चा नमुना, पेन्सिलीने कागदावर काढला. विद्यार्थी बोटाने चौकट दाबायचा आणि समोर बसलेली कर्मचारी पुढचा कागद सरकवायची. पुस्तक जागेवर आहे की बाहेर गेले आहे, ही माहिती तळाशी होती आणि बोट तिथवर पोचतच नव्हते. ती खोडून वर लिहिली गेली आणि तोच कागद पुढच्या विद्यार्थ्यासमोर ठेवला गेला.

याला पैसा लागत नाही, म्हणून 'त्यांना परवडते' हे उत्तर मला पटत नाही. आपल्याकडे असे प्रयोग करण्यातली खरी अडचण जबाबदारीची आहे. दाखल नोंदवहीतल्या प्रत्येक पुस्तकासाठी ज्याला जाब द्यावा लागतो, तो ग्रंथपाल वाचकांना स्वतः पुस्तके काढता यावीत म्हणून कपाटे उघडी ठेवायला कचरणारच. परंतु केंद्र सरकारचे २०१७ चे सामान्य वित्तीय नियमसुद्धा, अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसेल तर, वर्षभरात वाचकांच्या हाती गेलेल्या दर १,००० ग्रंथांमागे ५ गहाळ होणे वाजवी मानतात. मग तसाच छोटा प्रयोग म्हणून एकाच विषयाची दोन कपाटे एका सत्रापुरती मुक्तद्वार ठेवून शेवटी पडताळणी करायला काय हरकत आहे?

इथल्या पद्धतीतही उणिवा आहेत. चाचणीला बसतात ते बहुधा ग्रंथालयात आधीच येणारे. नोकरी सांभाळून शिकणारे किंवा दृष्टिहीन विद्यार्थी सहज निसटतात, आणि तात्पुरती म्हणून केलेली सोय वर्षानुवर्षे तशीच राहते. त्यामुळे कोणाला बसवायचे आणि प्रयोग कोणत्या तारखेला संपवायचा, हे ग्रंथालय समितीने परवानगीच्या ठरावातच लिहावे, आणि त्या मुदतीत गहाळ झालेल्या पुस्तकांची वसुली ग्रंथपालाच्या पगारातून होणार नाही, हेही.