दम आधी वाढतो, हाडं मागून येतात

दादा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहिलं असतं तर रागाने लिहिलं असतं, म्हणून थांबले. काल सकाळी पुन्हा वाचली तेव्हा राग उरला नव्हता, वाईट वाटत होतं.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चाळिशीनंतर पळायला सुरुवात कशी करावी यावरच्या माझ्या लेखाखाली कळव्याच्या या दादांनी लिहिलं आहे की मी पळण्याचा आजार करून ठेवला आहे. आधी डॉक्टर, मग ईसीजी, मग बूट, मग एक मिनिट पळा आणि दीड मिनिट चाला, वर दर आठवड्याला पळणं दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका. "आम्ही पोलीस भरतीसाठी अनवाणी पळालो, कोणाला विचारून नाही पळालो. तुमचे दहा टक्के कोणी सिद्ध केलेत? आणि तुमचा लेख वाचून आमच्या सौ.नी महिनाभर चाललेलं सकाळचं फिरणं बंद केलं. शुगर आहे, काही झालं तर, म्हणतात."

या शेवटच्या वाक्याने मला दोन रात्री झोप लागली नाही. म्हणून सुरुवात वहिनींपासूनच करते.

वहिनींनी चालणं बंद केलं असेल तर चूक माझ्या लेखाची आहे, त्यांची नाही. तपासण्यांचा परिच्छेद मी सगळ्यात वर ठेवला होता. मनात होते ते एकदम पाच किलोमीटर पळायला निघणारे, पण वाचणाऱ्याला ते कसं कळणार? दारातच पाटी लावल्यासारखं झालं ते. काल रात्री तो परिच्छेद खाली नेला आणि वर हे लिहिलं: ज्या वेगाने तुम्ही भाजी आणायला जाता, त्या वेगाने चालायला कोणाची परवानगी लागत नाही. शुगर असेल तरीही. उलट मधुमेहाचे डॉक्टर पहिल्या भेटीत हेच सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेचं 2020 चं मार्गदर्शनही आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाचं सांगतं, आणि भरभर चालणं त्यात पूर्ण धरलं जातं. रोज अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस, एवढ्यात खालची रेघ गाठली जाते. वहिनी महिनाभर तेच करत होत्या.

तपासणी कोणी करावी? चालताना छातीत दडपण येतं, कळ जबड्यात किंवा हातात जाते, चक्कर येते, पूर्वी जमणारा एक जिना चढताना हल्ली धाप लागते, त्यांनी. ज्यांच्या घरात कमी वयात हृदयविकार झालेला आहे त्यांनीही पळायच्या आधी एकदा दाखवून घ्यावं. वहिनींना पुढे पळायचं असेल तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, चालू असलेल्या गोळ्यांनी व्यायामात साखर एकदम खाली जाऊ शकते का. काही गोळ्यांनी आणि इन्शुलिनने जाते, मग खिशात ग्लुकोजची पुडी ठेवावीच. दुसरी, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी कधी झाली. पडदा खराब असेल तर धक्के बसणारा व्यायाम चालत नाही. तिसरी, पायाला स्पर्श नीट कळतो का.

या तिसऱ्यासाठीच तुमच्या अनवाणी पळण्याचं कौतुक असूनही मी ते वहिनींना सांगणार नाही. शुगरने पायाची जाणीव हळूहळू कमी होते. खडा टोचला, फोड आला, तरी कळत नाही. रात्री झोपताना जमिनीवर छोटा आरसा ठेवायचा आणि त्यात दोन्ही तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या बघायच्या. मिनिटभराचं काम आहे. माझ्या आईचे तळवे मी असेच बघायचे, आणि एकदा करंगळीखाली चार दिवसांची जखम सापडली होती. तिला तिचा पत्ता नव्हता.

आता पळण्याकडे येते. इथे मात्र माझं तुमच्याशी पटत नाही.

तुम्ही म्हणता, एक मिनिट पळून दीड मिनिट चालणं म्हणजे कच खाणं. मी एक्केचाळिसाव्या वर्षी ठाण्यात तलावपाळीला पळायला लागले तेव्हा माझंही हेच मत होतं. पहिल्या आठवड्यात अर्ध्या फेरीत धाप लागायची, गडकरी रंगायतनपाशी कठड्याला टेकून उभी राहायचे. तिसऱ्या आठवड्यात न थांबता फेरी पूर्ण झाली आणि मला वाटलं, जमलं. मग रोज पळायला लागले, रविवारीसुद्धा. पाचव्या आठवड्यात उजव्या नडगीत ठणका सुरू झाला. ओळखीच्या एका ट्रेनरने सांगितलं, पळून पळूनच जातं ते. मी ऐकलं. दहा दिवसांनी जिना उतरताना पाय टेकवेना.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. मग त्यांनी अंगठ्याने नडगीच्या आतल्या कडेवर वरून खाली दाबत आणलं. दुखतंय का, दुखतंय का, असं विचारत. घोट्याच्या वर चार बोटांवर आले आणि मी ओरडले. रुपयाच्या नाण्याएवढी जागा होती. नडगीभर पसरलेलं दुखणं वेगळं, म्हणाले, आणि एका बोटाने दाखवता येतं ते वेगळं. एमआरआयमध्ये हाडाला बारीक चीर निघाली. स्ट्रेस फ्रॅक्चर. सुरुवातीला एक्स-रेत ते बऱ्याचदा दिसतच नाही. आठ आठवडे पळणं बंद.

तेव्हा जे समजलं, तेच त्या लेखात सांगायचं होतं. शरीराचे सगळे भाग एका वेगाने तयार होत नाहीत. रक्तातलं पाणी पहिल्या एक-दोन आठवड्यांतच वाढायला लागतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात धाप कमी होते. हाडाचं तसं नाही. त्यावर नवा भार पडला की आधी जुनं हाड थोडं काढून टाकलं जातं आणि मग त्या जागी नवीन भरलं जातं, घराचं प्लास्टर खरवडून पुन्हा करावं तसं. एक जागा पूर्ण भरून यायला तीन-चार महिने जातात. खरवडलं आहे पण भरलं नाही, अशा मधल्या काळात ते हाड पूर्वीपेक्षा कच्चं असतं. स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडराही अशाच सावकाश तयार होतात. आणि पळताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दुप्पट-अडीचपट भार पायावर येतो. म्हणजे ज्या आठवड्यात दम सांगतो "आता पळ", नेमक्या त्याच आठवड्यात नडगी सांगत असते "अजून थांब". दमाचं सगळ्यांना ऐकू येतं. नडगीचं दुखल्यावरच कळतं.

चाला-पळा-चाला हे फुप्फुसांसाठी नाही, दादा, नडग्यांसाठी आहे.

तुमचं भरतीचं उदाहरण मी खोटं मानत नाही. पण तुम्हीच लिहिलं आहे की गावी शाळेला रोज तीन किलोमीटर जाऊन-येऊन चालायचात, सुट्टीत शेतात. विसाव्या वर्षी 1600 मीटर पळायला उभे राहिलात तेव्हा तुमच्या हाडांची दहा-बारा वर्षांची तयारी झालेली होती. घोडबंदर रोडवरून रोज दोन तास बसून ऑफिसला जाणारा पंचेचाळिशीचा माणूस, किंवा अर्धं आयुष्य ओट्यापाशी उभी राहिलेली बाई, यांच्याकडे ती पुंजी नाही. आणि एक विचारते, मनापासून विचारते. तुमच्याबरोबर त्या मैदानावर सरावाला किती पोरं होती, आणि भरतीच्या दिवशी त्यातली किती उरली? जी पोटरी धरून मध्येच घरी बसली त्यांची आठवण कोणी सांगत नाही.

दहा टक्क्यांवर मात्र तुम्ही मला बरोबर पकडलं. ते मी ऐकलेलं लिहिलं होतं, तपासलेलं नाही. आता शोधून वाचलं. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या संशोधकांनी 2008 मध्ये पाचशेहून जास्त नवख्या धावणाऱ्यांचे दोन गट केले होते. एका गटाने दहा टक्क्यांचा नियम पाळत 13 आठवड्यांत तयारी केली, दुसऱ्याने 8 आठवड्यांत. दुखापती दोन्हीकडे जवळपास सारख्याच, पाचांत एक. तेव्हा तो आकडा म्हणजे कवच नव्हे, आणि लेखातून मी तो काढला आहे. पण त्या पाचांत एकाकडे बघून मला "मग सुसाट पळा" असं वाटत नाही. मला वाटतं, कॅलेंडर बघून वाढवणाऱ्यापेक्षा सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं कशी पडली हे बघून वाढवणारा जास्त टिकतो. हे माझं मत आहे, पुरावा नव्हे. गेली काही वर्षं माझ्याबरोबर उपवनला नवीन माणसं येतात, त्यांना बघून ते झालं आहे. एका बोटाने दाखवता येणारं दुखणं, किंवा पळताना वाढत जाणारं दुखणं, ही थांबायची खूण. दोन दिवस मांड्या भरून येणं ही नव्हे.

आणि हळू पळणं कमीपणाचं वाटतं त्यांच्यासाठी एक गोष्ट. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड हे जगातल्या फार मोठ्या प्रशिक्षकांपैकी एक. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या दोन शिष्यांना, पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग यांना, एकाच दिवशी सुवर्णपदकं मिळाली. या माणसाने ऑकलंडमध्ये साध्या, वजन वाढलेल्या, हृदयविकार होऊन गेलेल्या लोकांनाही पळायला लावलं. कसं? बोलता येईल इतकं हळू. 1962 च्या अखेरीस अमेरिकेचे नामांकित प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथे गेले, त्या लोकांबरोबर पळायला निघाले आणि मागे पडले. पन्नाशीच्या त्या प्रशिक्षकाला सोबत करत थांबला तो सत्तरी ओलांडलेला, हृदयविकाराचे झटके सोसलेला एक म्हातारा. बॉवरमन परत गेले आणि आपल्या गावात लोकांना हळू पळायला शिकवू लागले.

एक मिनिट पळा, दीड मिनिट चाला हा बेतही कोणा भित्र्याने काढलेला नाही. जॉश क्लार्क नावाच्या तरुणाने 1996 मध्ये आपल्या पन्नाशीच्या आईला डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला. आठवड्यात तीन दिवस, नऊ आठवडे. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना नऊ आठवडे पुरत नाहीत, पंधरा लागतात, कधी वीस. एकच आठवडा तीनदा करतात. कोणाचं काही बिघडत नाही.

उपवनला आम्ही घड्याळही लावत नाही. दिव्याच्या एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंत पळायचं, पुढचे दोन खांब चालायचं. पळताना "निघताना गॅस बंद केला होता का गं?" एवढं वाक्य एका दमात म्हणता आलं पाहिजे. "गॅस" वर अडलं तर वेग जास्त आहे. गेल्या पावसाळ्यानंतर आलेल्या एक ताई पहिल्या दिवशी ओढणी कमरेला बांधून एका खांबापर्यंत पळाल्या आणि खांबाला हात लावून मागे वळून बघितलं, आपण खरंच इथपर्यंत आलो का ते. त्यांचा तो चेहरा मी विसरणार नाही. आता त्या सलग वीस मिनिटं पळतात. येऊरचा चढ मात्र मी पहिले तीन महिने कोणालाच करू देत नाही, कारण चढताना दम जातो आणि उतरताना गुडघे.

हवेचं थोडंसं. आपल्याकडे घाम येतो पण दमट हवेत वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. ऑक्टोबरात आणि मे महिन्यात तोच माणूस तेवढ्याच अंतराला जास्त धापा टाकतो, त्यात घाबरायचं नाही, सातच्या आत उरकायचं. पावसात साचलेल्या पाण्यातून जायचं नाही. पायाला ओरखडा असेल तर लेप्टो या तापाची भीती खरी आहे, आणि शुगर असलेल्याला तर जास्तच. ओल्या पेव्हर ब्लॉकवर पळू नका, चाला.

बुटांबद्दल तुमचं निम्मं बरोबर आहे. महाग लागत नाहीत. पायाचा आकार मोजून त्याप्रमाणे बूट दिल्याने दुखापती कमी होतात का, हे अमेरिकन सैन्यात भरती झालेल्यांवर तपासलं गेलं, तसं काही आढळलं नाही. पायाला आरामशीर वाटतात ते घ्या. वहिनींचे बूट आहेत तेच चालतील. फक्त घालण्याआधी आत हात घालून बघा, खडा नाही, शिवण वर आलेली नाही, आणि अंगठ्यापुढे एक बोट जागा आहे. सुती मोजे रोज धुतलेले.

उद्या सोमवार. वहिनींना पुन्हा चालायला घेऊन जा, पूर्वी जात होत्या त्याच रस्त्याने, वीस मिनिटं. पंधरा दिवस फक्त चालणं. तोवर डॉक्टरांकडे ते तीन प्रश्न विचारून होतील. त्यानंतर त्यांची इच्छा असेल तरच एक खांब, आणि तोही आठवड्यातून तीनच दिवस. तुम्ही बरोबर असाल तर त्यांच्या मागे दोन पावलं राहा. पुढे राहिलात की त्या तुमच्या वेगाने चालायला लागतील.

मुलाच्या भरतीच्या सरावाबद्दलही तुम्ही विचारलं आहे. त्याची नडगी एका जागी दुखते की सगळी, ते आज रात्री अंगठ्याने दाबून बघा आणि मला इथेच खाली लिहा. एका जागी दुखत असेल तर उद्या त्याला पळू देऊ नका, थेट हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.