सर्व माल लो

वीज गेली याचा मला राग नाही. पुण्यात राहायचं तर गुरुवारी वीज जायचीच. सकाळी दहा ते चार देखभाल-दुरुस्ती, असा मेसेज आला होता. चारचे पाच झाले, पाचचे सहा झाले, तरी मी शांत होते. कारण माझा डीप फ्रीजर गच्च भरलेला होता आणि त्याचं दार बंद होतं. गच्च भरलेला फ्रीजर दार न उघडता साधारण ४८ तास तग धरतो, अर्धा भरलेला २४ तास. आतली गोठलेली पिशवी शेजारच्या पिशवीला सांभाळून घेते. आपण काहीही करायचं नसतं. दाराला हात लावायचा नसतो, बस्स.

काहीही न करणं आमच्या सोसायटीला जमत नाही.

तिसऱ्या मजल्यावरचे काका साडेसहाला आले. काका निवृत्त आहेत. कशातून ते मला कधी नीट कळलेलं नाही, पण तिथे त्यांच्या हाताखाली बरीच माणसं असणार हे त्यांच्या उभं राहण्यावरून कळतं. मला ते ‘वहिनी’ म्हणतात. माझ्या नवऱ्यापेक्षा पंचवीसेक वर्षांनी मोठे आहेत, म्हणजे हिशेबाने मी सूनबाई. पण सूनबाई म्हटलं की आपण सासरे होतो, ते त्यांना नको असावं. तर काका दारात उभे, आणि हातात बंदूक.

ही बंदूक सोसायटीने २०२० साली घेतली. गेटवर येणाऱ्याच्या कपाळावर रोखायची, ताप मोजायची. साथ गेली, वॉचमन बदलले, पायाने दाबायचं सॅनिटायझरचं स्टँड जिन्याखाली गंजून गेलं. बंदूक तेवढी काकांच्या चार्जमध्ये राहिली. सेल काका स्वखर्चाने बदलतात. तसं ते दर सर्वसाधारण सभेत सांगतात.

“वहिनी, फ्रीजर उघडा. पाहणी करायचीय.”

“काका, उघडला नाही तरच बरा राहील.”

“न उघडता आत काय चाललंय ते कळणार कसं?”

“कळून काय करायचंय?”

“म्हणजे काय! निर्णय नको घ्यायला?”

याला उत्तर नसतं. ज्या माणसाला निर्णय घ्यायचा असतो त्याला आधी दार उघडावंच लागतं. काकांनी उघडलं आणि नाकाबंदीतल्या हवालदारासारखं हाताने उघडं धरून ठेवलं. गार हवा जड असते. उभ्या फ्रीजरचं दार उघडलं की ती भसकन खाली येते, थेट पायावर. माझ्या पायावर आली. उणे १८ला आणून ठेवलेली ती हवा, तिचं बिल मी भरते, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत ओट्याखाली निघून गेली.

मी प्रत्येक पिशवीवर पदार्थाचं नाव आणि महिना लिहिते. घरात ते कुणी वाचत नाही. मटारच्या पिशवीवर हात ठेवून “मटार कुठेयत गं?” असं विचारणारा नवरा आहे माझा. काकांनी मात्र वाचलं, आणि मोठ्याने वाचलं. प्रत्येक पिशवी बाहेर काढायची, मजकूर वाचायचा, बंदूक रोखायची, चाप ओढायचा.

“तुरीचे दाणे, जानेवारी.” टिक. “लो.”

“पावटा, जानेवारी.” टिक. “लो.”

“हुरडा, फेब्रुवारी.” टिक. “हा पण लो!”

“काका, ते यंत्र माणसाच्या कपाळासाठी आहे. ३२च्या खाली काहीही असलं तरी ते लोच दाखवणार.”

“वहिनी, मी तेच म्हणतोय. सगळं लो आहे.”

“पण फ्रीजरमध्ये लोच हवं ना?”

“किती लो, हा प्रश्न आहे.”

“ते तर हे यंत्र सांगतच नाही!”

“म्हणूनच काळजी वाटते,” काका म्हणाले.

तेवढ्यात नवऱ्याने गॅसवर केलेला चहा आणला. काकांनी बंदूक कपावर रोखली. “हाय.” मग नवऱ्याच्या कपाळावर रोखली. छत्तीस पॉइंट चार, हिरवा दिवा. “हे एकटे नॉर्मल आहेत,” असं म्हणून त्यांनी चहा घेतला, आणि माझा नॉर्मल नवरा खूश होऊन बिस्किटं आणायला गेला. दार अजून उघडंच.

काका पुढे वाचत होते. “आमरस, मे. लो. ओले काजूगर, मार्च...” इथे आवाज बदलला. “अहो, ओले काजूगर?”

कोकणातल्या कुणाकडून, ओळखीपाळखीने, सोललेले ओले काजूगर मिळवणं म्हणजे काय असतं ते ज्याने मिळवलेत त्यालाच माहीत. ओल्या काजूच्या सालीत चीक असतो, हाताची कातडी निघते, म्हणून सोललेल्याला तो भाव. माझे गणपतीतल्या उसळीसाठी राखून ठेवलेले होते. काकांनी पिशवी दाबली. दोनतीनदा दाबली. त्यांच्या हातातच ती जरा मऊ पडली. मी सांगितलं की आत अजून बर्फाचे कण लागतायत, म्हणजे चिंता नाही, वीज आली की पुन्हा गोठतील, चवीत थोडं उणं-अधिक होईल इतकंच.

“रिस्क नको,” काका म्हणाले. “काजूगर आजच संपवावेत असं माझं मत आहे. मी वाटी पाठवतो.”

पाठवलीही. वाटी कसली, झाकणाचं पातेलं होतं.

आणि मग त्यांच्या हाती मटारची पिशवी लागली. काकांनी ती हलवली. आत दाणे खुळखुळले. “हे असे सुटे सुटे कसे? आमच्याकडे तर मटारचा दगड होतो. बत्त्याने फोडावा लागतो.”

आता खरं सांगायचं तर मी सुखावले. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगू लागले, आणि सांगायला लागले की मला थांबता येत नाही. थंडीत मटार स्वस्त होतो तेव्हा पोत्याने घ्यायचा. किलोभर शेंगांतून निम्मेही दाणे हाती लागत नाहीत, म्हणून पोत्याने. दाणे उकळत्या पाण्यात दीड मिनिट, मोजून, आणि लगेच बर्फाच्या पाण्यात. हे दीड मिनिट टाळून चालत नाही. दाण्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, थंडीने मरत नाहीत, नुसती मंदावतात, आणि महिन्या-दोन महिन्यांत रंग आणि वास दोन्ही खातात. उकळतं पाणी त्यांचा निकाल लावतं. मग धुतलेल्या पंचावर पसरून अगदी कोरडे करायचे, ताटात एका थरात पसरून ताटासकट गोठवायचे, आणि दगडासारखे झाल्यावरच पिशवीत भरायचे. ओले दाणे थेट पिशवीत कोंबले की काकांच्या घरचा बत्ता काढावा लागतो.

बरं, भरभर गोठणं महत्त्वाचं. सावकाश गोठलं की बर्फाचे स्फटिक मोठे होतात, पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, पेशींच्या भिंती फाटतात, आणि बाहेर काढल्यावर भाजी रडायला लागते. हे ज्याने व्यवहारात आणलं तो अमेरिकन क्लॅरेन्स बर्ड्सआय. १९१०च्या दशकात तो आजच्या कॅनडातल्या लॅब्रॅडॉरला होता. तिथले इन्युइट लोक मासा बर्फातून ओढून काढायचे आणि त्या वाऱ्यात तो जागच्या जागी गोठायचा. कित्येक महिन्यांनी शिजवला तरी ताज्यासारखा लागायचा. त्याने ते हेरलं, यंत्रं केली, आणि ६ मार्च १९३० रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावात गोठवलेल्या मालाची दुकानातली विक्री सुरू झाली. त्या पहिल्या मालात मटार होते. म्हणजे हा मटार काही आजकालचं थेर नाही, याच्यामागे नव्वदहून जास्त वर्षांची परंपरा आहे, असं मी काकांना सांगत होते.

“लॅब्रॅडॉर म्हणजे कुत्रा ना?” काका म्हणाले.

मी दार लावलं. काकांनी लावू दिलं, कारण त्यांना हवं ते हातात होतं. “ही पिशवी मी नेतो. वीज कधी येते काय माहीत, वाया जाण्यापेक्षा कामी येईल.” मला वाटलं काकू मटारची उसळ करतील. करू देत. श्रावण आहे, बाजारातला मटार हात लावू देत नाही.

वीज साडेआठला आली. काका दहाला आले. पिशवी परत घेऊन.

“घ्या. ठेवून द्या आत. उद्या सकाळी सातला लागेल.”

पिशवी कोमट होती. तिला महानारायण तेलाचा वास येत होता. मी काकांकडे बघितलं. काकांनी लेंगा जरा वर करून गुडघा दाखवला.

“फार गुणकारी, वहिनी. जेलची पिशवी आहे माझ्याकडे, पण ती अशी बसत नाही. तुमचे दाणे सुटे आहेत ना, गुडघ्याच्या वाटीभोवती कसे घट्ट बसतात! आमच्याकडचा दगड नुसता टोचायचा.”

मी ताटात एका थरात पसरलेले दाणे. दीड मिनिट मोजलेले दाणे. ज्या कलेचं मघाशी मी अर्धा तास वर्णन केलं, तिचा काकांना कळलेला उपयोग हा.

इथे मला हसू येत नाही, म्हणून स्पष्टच लिहिते. या बिल्डिंगमध्ये माझ्या फ्रीजरबद्दल प्रत्येकाला मत आहे. गोठवलेल्यात सत्त्व नसतं, हे एकीचं मत. शिळं ते शिळंच, हे दुसरीच्या सासूबाईंचं. पण पाहुणे आले की “तुमच्याकडे खोवलेला नारळ असेलच” म्हणून बेल वाजवणाऱ्या याच. दिवाळीत आमरसाची वाटी घ्यायला हात पुढे असतात, जूनमध्ये हुरड्याचं थालीपीठ गोड लागतं. आणि जानेवारीत शेंगांचं पोतं घेऊन मी पार्किंगमध्ये बसते, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारते, तेव्हा सगळ्यांना लिफ्टची घाई असते. अंगठ्याच्या नखात हिरवं जाऊन बसतं ते आठवडाभर निघत नाही. ऑफिसात लोक विचारतात. नवरा सोलायला बसतो, पण सोलतो त्यातले अर्धे खातो आणि उरलेल्यांत अळ्या सोडतो.

असो. पिशवी. जे अन्न ५ ते ६० अंशांच्या मध्ये दोन तासांहून जास्त राहिलं, ते गेलं. त्यात जंतू किती वाढलेत ते वासावरून कळत नाही, चवीवरून कळत नाही, आणि कपाळाच्या बंदुकीवरून तर मुळीच कळत नाही. परत गोठवून ते मरतही नाहीत; आत जाऊन झोपतात आणि बाहेर काढलं की उठतात. म्हणून मटार वितळवायचा तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवावा, नाहीतर सरळ गोठलेलाच फोडणीत टाकावा, हे उत्तम. ओट्यावर ठेवून ऑफिसला जाऊ नये. गुडघ्यावर तर नाहीच नाही.

मी पिशवी ओल्या कचऱ्यात रिकामी केली.

आता, ओल्या कचऱ्याच्या खड्ड्यावर देखरेख कुणाची असेल?

शुक्रवारी सकाळी ग्रुपवर दोन गोष्टी आल्या. एक, आदल्या रात्रीचा अहवाल: “बी-विंगमधील डीप फ्रीजरची समक्ष पाहणी केली. सर्व माल लो. काजूगर नष्ट केले.” दोन, खड्ड्यातल्या हिरव्यागार दाण्यांचा फोटो, जवळून काढलेला, छान उजेडात. खाली ओळ: “अर्धा किलो उत्तम मटार कचऱ्यात! अन्न हे पूर्णब्रह्म. कुणाचंही नाव घेत नाही. बी-विंग, दुसरा मजला, डावीकडचं दार.”

त्यावर अंगठे पडले. हात जोडलेले पडले. सासूबाईवालीने “काय ही श्रीमंती” असं लिहून नंतर ते काढून टाकलं, पण मी वाचलं होतं.

मग मीही लिहिलं. कुठलीही चिन्हं न टाकता, सरळ: “ते मटार काकांच्या गुडघ्यावर अडीच तास होते.”

पाच मिनिटं ग्रुप गप्प. मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, अहो मग टाकणारच ना बिचारी. पहिला मेसेज आला, “काका, गुडघ्याला काय झालं?” दुसऱ्यांनी निर्गुडीचा पाला सुचवला. तिसऱ्यांनी ओव्याचा शेक. ए-विंगमधल्या एकांनी आपल्या डॉक्टरचा नंबर टाकला. काकांनी सगळ्यांचे नावानिशी आभार मानले आणि आता बराच आराम असल्याचं कळवलं. नवऱ्याने या कळवण्याला अंगठा दिला.

दुपारी सी-विंगमधल्या एका मुलीचा मला वेगळा मेसेज आला. अतिशय अदबीने लिहिलेला. आईची कंबर धरलीय, एक पिशवी मिळेल का, शक्यतो सुटे दाणे असलेली, संध्याकाळी परत करते.