बूड पाहून बुडालेला

साडूंच्या घरी मी कप उलटा केला तेव्हा त्यात अर्धा चहा होता. चहा संपलाय अशी माझी प्रामाणिक समजूत होती. खरं सांगायचं तर माझं चहाकडे लक्षच नव्हतं. कपाची कड पातळ, कान नाजूक; बुडाला काय लिहिलंय हे पाहिल्याशिवाय मला राहवेना. चहा साडूंच्या पांढऱ्या पँटवर गेला आणि बुडावरचा शिक्का माझ्या डोळ्यांसमोर आला: 'मायक्रोवेव्हमध्ये चालेल'.

जुनी चिनी माती आणि जुनी काच जमवणाऱ्याचं असंच होतं. लोक वस्तूचं तोंड पाहतात, आम्ही बूड. कुळगोत्र सगळं तिथेच लिहिलेलं असतं. निळ्या रंगात एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी म्हणजे जर्मनीतलं माइसेन, १७१० सालचा कारखाना. (त्या तलवारींची नक्कल इतक्यांनी केलीय की त्या दिसल्या की आनंदाआधी संशय यावा.) 'निप्पॉन' (जपानचं जपानी नाव) लिहिलं असेल तर माल १९२१ च्या आधीचा, कारण त्यानंतर अमेरिकेच्या कस्टमवाल्यांनी 'जपान' असंच लिहायला लावलं. 'ऑक्युपाइड जपान', म्हणजे परक्या फौजांच्या ताब्यातला जपान, असेल तर दुसरं महायुद्ध संपल्यापासून १९५२ पर्यंतचा. आणि देशाचं नावच नसेल तर १८९१ च्या आधीचा असू शकतो, कारण आयात मालावर देशाचं नाव हवं हा अमेरिकेचा नियम तेव्हापासून लागू झाला.

या 'असू शकतो'ने माझं वाटोळं केलं. देशाचं नाव नाही म्हणून एक बशी मी उराशी धरून घरी आणली. भिंगातून पाहिलं तर बुडाशी झिलई उडालेली, बारीक ओरखडे पडलेले. नाव होतं, कुणीतरी पॉलिश पेपरने घासून काढलं होतं. दुसऱ्या खेपेला एका कपाच्या बुडावर अठराव्या शतकातलं ठसठशीत साल दिसलं आणि मी बोलणीच आटोपती घेतली, न जाणो विकणाऱ्याचा विचार बदलायचा. ते साल कारखाना स्थापन झाल्याचं होतं. कप माझ्यापेक्षा वयाने लहान निघाला.

मग मी काचेकडे वळलो. एकोणिसाव्या शतकात काचेत किंचित युरेनियम घालून पिवळट-हिरवी भांडी करायचे. अतिनील टॉर्च मारला की ती हिरवीगार चमकतात, त्यात फसवाफसवी कमी. टॉर्च आणला. रात्री दोन वाजता दिवे बंद करून कपाटातल्या प्रत्येक वाटीवर, प्रत्येक फुलदाणीवर तो मारून पाहिला. काहीही चमकलं नाही. चमकत होता फक्त माझा बनियन, निळसर पांढरा, भुतासारखा. कपड्यांच्या साबणात उजळपणासाठी जी पावडर असते ती याच उजेडात पेटते, हे मला नंतर कळलं. बायको पाणी प्यायला उठली होती, तिला अंधारात हातपाय नसलेला एक बनियन कपाट उघडताना दिसला. त्यानंतर आठवडाभर ती माझ्याशी खुणांनी बोलत होती.

तरीही माझ्याकडे एक खरी वस्तू होती. इंग्लंडचा राजा आठव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाचा मग. तारीख छापलेली, १२ मे १९३७. गंमत अशी की गड्याने १९३६ च्या डिसेंबरातच गादी सोडली आणि त्या तारखेला मुकुट चढला त्याच्या धाकट्या भावाच्या डोक्यावर. न झालेल्या राज्याभिषेकाची आठवण! विकणाऱ्याने हे इतक्या दबक्या आवाजात सांगितलं की मला वाटलं, जगात असा एकच मग असणार. प्रत्यक्षात राजाने मन बदलेपर्यंत कारखान्यांनी असे मग ढिगाने काढून ठेवले होते. पण तोवर माझा जीव जडला होता. टिचकी मारली की टण्ण वाजायचा. आत तडा असता तर ठक्क आवाज आला असता.

गेल्या रविवारी धूळ पुसताना तो ठक्क वाजला. शेल्फच्या कडेला लागला. कान वेगळा, मग वेगळा, शिवाय कडेचा एक टवका.

"अहो, नाहीतरी तो राज्याभिषेक कुठे झाला होता?" बायको म्हणाली. सांत्वन म्हणून म्हणाली असावी.

मी तिला पोर्टलंड व्हाजची गोष्ट सांगितली. दोन हजार वर्षांपूर्वीचं रोमन काचपात्र, १८४५ साली ब्रिटिश म्युझियममध्ये एका इसमाने फोडलं. त्याला दंड झाला तो वरच्या काचेच्या पेटीबद्दल. इतक्या मोलाची वस्तू फोडल्याच्या शिक्षेची तेव्हाच्या कायद्यात सोयच नव्हती. पात्र जोडलं, तरी बारीक ३७ तुकडे उरलेच. "मग तुमचा एकच उरलाय," असं म्हणून तिने टवका काड्यापेटीत ठेवला.

मी झटपट चिकटणारा गोंद आणला. कान जागेवर बसवला, मनात तीस अंक मोजले. कान चिकटला. आतून माझं बोटही चिकटलं. ओढून पाहिलं, कोमट पाण्यात बुडवून पाहिलं. नेलपॉलिश काढायचं पाणी लागतं म्हणून बायको शेजारी मागायला गेली आणि नेमके तेव्हाच साडू आले.

"वा, एकटेच चहा पिताय?" असं म्हणत ते समोर बसले. मी काहीच बोललो नाही. त्यांनी माझ्या हातातल्या मगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सावकाश पुढे वाकले, माझं मनगट धरलं आणि हात मगासकट उलटा केला.

"मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही वाटतं," ते म्हणाले.