सोरोसची एजंट, बी विंग, सातवा मजला

तर मंडळी, आज सकाळी साडेनऊला मी परकीय शक्तींची हस्तक झाले. पहिला चहाही संपला नव्हता.

झालं एवढंच की सोसायटीच्या ग्रुपवर मी विचारलं, मार्च ते मे टँकरची बिलं कोणी पाहिलीत का, आणि त्यांच्या झेरॉक्स मिळतील का? घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना टँकर म्हणजे काय ते सांगायला नको. वॉचमनच्या वहीत आकडा एक, कमिटीच्या हिशेबात दुसरा. पाच मिनिटांत कमिटीतल्या एका काकांचं उत्तर: "मॅडम, सोरोसकडून किती आले?" खाली अकरा हसरे चेहरे. त्यातले दोन माझ्याच मजल्यावरचे, जे लिफ्टमध्ये म्हणतात, "तुम्ही विचारता ते बरं आहे हो."

काकांना विचारलं, कोण हो हा सोरोस? म्हणे, देश तोडणारा. संपली माहिती.

आता ऐकाच. नव्वदच्या आसपास माझ्या बाबांचं कोर्ट नाक्याला झेरॉक्सचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखाली एक मशीन आणि शेजारी टायपिंगवाला. तिथे शेअरबाजारात पैसे केलेले एक गृहस्थ यायचे, आम्ही त्यांना शेअरवाले काका म्हणायचो. एक दिवस त्यांनी बाबांच्या हातात हजार रुपये ठेवले. "ज्याला परवडत नाही त्याच्या कॉप्या माझ्या खात्यावर मार. कोण, कशाला, विचारू नकोस." बाबांनी वेगळी वही घातली. सातबारे, जातीचे दाखले, पेन्शनचे अर्ज. मी शाळेतून आले की त्या वहीत पानं मोजून लिहायचे.

जॉर्ज सोरोसबद्दल वाचलं की मला ती वही आठवते, त्याला मी काय करू? 1930 साली बुडापेस्टमधल्या ज्यू घरात जन्म. 1944 ला नाझी शहरात घुसले तेव्हा पोरगा 13 वर्षांचा. वडील वकील. त्यांनी घरच्यांसाठी आणि इतरही अनेकांसाठी खोटी ओळखपत्रं मिळवली आणि त्या कागदांवर माणसं वाचली. पुढे 1947 ला लंडन. रेल्वेत हमाली केली, हॉटेलात वेटर झाला आणि शिकला कुठे, तर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये, जिथे आपले बाबासाहेब शिकले. 1956 ला न्यूयॉर्क, मग फंड, मग अफाट पैसा. त्या पैशातून 1979 मध्ये पहिली मदत कोणाला? वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या. आणि 1984 नंतर कम्युनिस्ट हंगेरीत, जिथे कॉपी काढायचं मशीन म्हणजे सरकारला धोका वाटायचा, तिथल्या ग्रंथालयांना न् विद्यापीठांना या माणसाने काय पुरवलं माहितेय? झेरॉक्स मशिनं! हा तुमचा देश तोडणारा.

हो, माहितेय. 16 सप्टेंबर 1992. पौंड पडणार हे ओळखून याने सुमारे 10 अब्ज डॉलरचे पौंड शॉर्ट केले, म्हणजे उसने घेऊन आधीच विकून टाकले, ब्रिटनला युरोपच्या विनिमय दर यंत्रणेतून बाहेर पडावं लागलं आणि याने एका झटक्यात साधारण 1 अब्ज डॉलर कमावले. ते पैसे कोणाच्या तरी खिशातूनच आले. फ्रान्सच्या कोर्टाने 2002 मध्ये इनसायडर ट्रेडिंगसाठी, म्हणजे आतली खबर वापरून शेअरचा व्यवहार केल्याबद्दल, दोषी धरलं, तेही खरं. संत नाहीच तो.

शेअरवाले काका तरी कुठे संत होते? त्याच 1992 ला हर्षद मेहता प्रकरण फुटलं, बाजार कोसळला. काकांनी मंदी खेळून पैसे केले आणि आमचा मामा त्याच पडझडीत धुऊन निघाला. आई काकांना चहा द्यायची, पण साखर हात राखून.

वहीची खरी गंमत पुढे आहे. नौपाड्यातल्या एका चाळीतले भाडेकरू बिल्डरविरुद्धच्या केसचे कागद घेऊन आले. एकशे चाळीस पानं. त्या बिल्डरकडे शेअरवाल्या काकांचे पैसे गुंतलेले, हे बाबांना माहीत होतं. बाबांनी कॉप्या मारल्या, काकांच्याच खात्यावर. संध्याकाळी काकांनी वही पाहिली. "माझ्याच पैशाने माझ्यावर केस?" बाबा म्हणाले, "तुम्हीच म्हणालात, विचारू नकोस." काका तडक निघून गेले. दोन महिने फिरकले नाहीत. मग एका शनिवारी आले, काउंटरवर पाचशेची नोट ठेवली, एक शब्द न बोलता गेले. चहासुद्धा घेतला नाही.

हे लिहिताना राग जरा उतरलाय खरा. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली.

सोरोसच्या वहीतही असाच एक निघाला. व्हिक्टर ऑर्बान! 1989 ला ऑक्सफर्डला गेला तो सोरोसच्याच शिष्यवृत्तीवर. पंतप्रधान झाल्यावर 2017 मध्ये त्याच्याच सरकारने हंगेरीभर सोरोसच्या चेहऱ्याची पोस्टरं लावली, आणि सोरोसने काढलेल्या विद्यापीठाला बुडापेस्टमधून व्हिएन्नाला हलावं लागलं. त्याच वर्षी म्हाताऱ्याने आपल्या फाउंडेशनकडे 18 अब्ज डॉलर वळते केले होते. आमच्या कमिटीकडून तीन महिन्यांची बिलं सुटत नाहीत.

2023 मध्ये म्युनिकला बसून तो आपल्या पंतप्रधानांवर बोलला, ते मलाही रुचलं नाही. आपलं आपण बघू, तू कोण? जयशंकरांनी त्याला म्हातारा, श्रीमंत, दुराग्रही आणि धोकादायक म्हटलं, तो त्यांचा हक्क. आणि एका माणसाच्या खिशात निवडणुका फिरवण्याएवढा पैसा नसावा, हेही कबूल. (2004 ला बुशना पाडायला कोट्यवधी डॉलर ओतले होते, बुश तरीही परत आले, तो भाग वेगळा.) पण काका, यातलं काय तुमच्या टँकरच्या बिलाला लागू पडतं? हिशेब मागणाऱ्या बाईच्या तोंडावर फेकायला एक नाव सापडलंय तुम्हाला, दुसरं काय!

असो. वॉचमनच्या वहीतली बत्तीस पानं माझ्याकडे आलीत. कशी, ते विचारू नका. उद्या नाक्यावर जाऊन झेरॉक्स मारतेय, पान दोन रुपये. चौसष्ट रुपये सोरोसकडून जमा झाले की ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकते.